झऱ्याचा कौल

“तुमच्या देवाला जमिनीखालचं पाणी कळतं का?”

देवळाच्या पायरीवर चपला काढता काढताच बाईंनी विचारलं. ना नमस्कार, ना चमत्कार.

मी समया घासत बसलो होतो. मनात म्हटलं, आली ही. आता डोकं खाणार.

आबा खांबाला टेकून बसले होते. आवाजाच्या दिशेला तोंड करून ते म्हणाले, “चहा घेतलास काय गो बाय?”

“चहाला नाही आले मी.”

“बरं. मग बस.”

बसायला ती तयार नव्हती. उभीच राहिली.

आबा म्हणजे माझे चुलते. आमच्या गावच्या रवळनाथाचं गुरवपण त्यांनी जन्मभर केलं. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा ते माझ्या हातात आलं. पूजा, गाऱ्हाणं, कौल, सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो. म्हणजे काका कमी आणि गुरू जास्त. बोलणी मात्र दोन्ही नात्यांची खाल्ली. आमची बोली सगळ्यांनाच उमगते असं नाही, म्हणून इथे बरंचसं सरळ मराठीत करून सांगतोय.

आणि ही बाई म्हणजे डॉक्टर शाल्मली बेहेरे. पुण्याची. औषधाची डॉक्टर नव्हे, जमिनीखालच्या पाण्याची.

गावाच्या वर सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. तिथे बांधकामाच्या चिऱ्यांची खाण आहे. आताच्या जागेतला दगड संपत आलाय, म्हणून खाणीच्या मालकाला ती वाढवायची आहे, नाहीतर बंद पडेल. सड्याच्या पायथ्याला खालची वाडी आहे. त्या वाडीचं पिणं, रांधणं, गुरंढोरं, सगळं एका झऱ्यावर. खाण वाढली तर झरा राहील की जाईल, यावरून प्रकरण पर्यावरणाच्या न्यायाधिकरणात गेलं. त्यांनी ह्या बाईला तज्ज्ञ म्हणून नेमलं. तिने सड्यावर मुक्काम ठोकून पाहणी केली, अहवाल दिला.

अहवाल आल्यावर न्यायाधिकरणाने वाडीला कळवलं की तुमचंही म्हणणं एकत्र बसून ठरवा आणि लेखी द्या.

तिथे घोडं अडलं. वाडीतली अर्धी घरं खाणीवर पोट भरतात आणि सगळी घरं झऱ्यावर पाणी भरतात. खाण नको म्हणावं तर भावकी तुटते, हवी म्हणावं तर उद्या पाणी गेल्यावर बायका तोंडाला काळं फासतील. ठरवायला कुणीच पुढे होईना. शेवटी कुणीतरी म्हणालं की खाण वाढू द्यावी का असा रवळनाथाला कौल लावू, तो सांगेल ते लिहून देऊ. सगळ्यांना हायसं वाटलं.

कौल दुसऱ्या दिवशी सकाळी होता. म्हणून ही बाई धावत आली होती.

“कळतं का सांगा ना,” ती पुन्हा म्हणाली.

“देवाला मी कधी विचारलं नाही,” आबा म्हणाले. “तुला कळतं?”

“माझं शिक्षण त्यातलं. वीस वर्षं तेच करतेय मी.”

“म्हणजे कळतं.”

“हो.”

आबांनी मान हलवली.

“...सगळं नाही,” ती म्हणाली. आणि मग बसली.

तिने जे सांगितलं ते मला जेवढं समजलं तेवढं असं. झऱ्यात पाणी कुठून येतं ते शोधायला तिने सड्यावरच्या भेगांत एक रंग सोडला होता. तो झऱ्यात उतरला असता तर सिद्ध झालं असतं की सड्याचं पाणीच झऱ्याला येतं. ती खाली दिवसचे दिवस बाटल्या भरत बसली. रंग उतरला नाही. मुदत संपली. तिने लिहिलं की सड्याचा आणि झऱ्याचा संबंध असण्याची शक्यता आहे, पण खात्रीने सांगता येत नाही.

खाणीच्या वकिलाने तेवढे शेवटचे शब्द धरले. खात्री नाही ना? मग नुकसान नाही.

वाडीने वेगळंच धरलं. वाडी म्हणाली, बाई मॅनेज झाल्या.

“रंग उतरला नाही म्हणजे वाट नाही, असं होत नाही हो,” ती म्हणाली. “वाट लांबची असेल. पुढच्या पावसाळ्यात उतरेल, त्याच्या पुढच्या उतरेल. मला एकच हंगाम मिळाला.”

“न्यायाधीश काय म्हणतात?” आबांनी विचारलं.

“ते म्हणतात, शास्त्र सांगेल तसं करू.”

“आणि शास्त्र?”

“शास्त्र म्हणतं, धोका एवढा एवढा आहे. तो पत्करायचा की नाही, ते कायद्याने ठरवावं.”

“आणि कायदा?”

“कायदा म्हणतो, वाडीचं काय म्हणणं आहे ते आणा.”

“आणि वाडी आली देवाकडे.”

“...हो.”

“सगळेच हुशार,” आबा म्हणाले.

मला हसू आलं, पण बाईचं तोंड बघून मी ते गिळलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

“तुला स्वतःला काय वाटतं?” आबांनी विचारलं.

“माझ्या वाटण्याला तिथे किंमत नसते.”

“इथे सांग.”

सड्यावरून मोठा आवाज आला. खाणीतलं चिरे कापायचं यंत्र सुरू झालं होतं. ती दचकली.

“झरा जाईल,” ती म्हणाली. “आज नाही, पण जाईल. मला झोप लागत नाही, आबा.”

समई माझ्या हातात तशीच राहिली. खालच्या वाडीत माझी बहीण दिली आहे. तोपर्यंत मी हे सगळं लोकांचं भांडण म्हणून ऐकत होतो.

मग ती जरा पुढे सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “लोक म्हणतात, पाकळी कुठली पडायची ते गुरवाच्या हातात असतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार तोच आबांनी हात वर केला.

“असतं,” ते म्हणाले.

मी बघतच राहिलो. आमच्या घरात हा शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता.

कौल कसा लावतात ते सांगतो. देवाच्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक पाकळी लावायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लावताना बोट किती दाबायचं ते बोटालाच ठाऊक. मी कधी लबाडी केली नाही. पण करता येत नाही, असं छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

“मग उद्या नकार पडू दे,” बाई माझ्याकडे हात करून म्हणाली. “तुम्ही ह्यांना सांगितलंत तर हे ऐकतील. वाडीचं पाणी वाचेल. यात वाईट काय आहे?”

आबांनी पंच्याने तोंड पुसलं. सावकाश पुसलं.

“तू तुझ्या अहवालात का नाही लिहिलंस, झरा जाणार म्हणून?”

“सिद्ध झालं नाही ते. खोटं कसं लिहू?”

“नाही लिहिणार?”

“मेले तरी नाही.”

“मग माझ्या देवानं खोटं का बोलावं?”

बाईची मान खाली गेली. मला वाटलं उठून जाईल, गाडीत बसेल, सुटलो. ती उठली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

“मी खरं लिहिलं,” ती म्हणाली, “आणि खरं लिहिलं म्हणूनच झरा जाणार आहे. हे मी कुणाला जाऊन सांगू?”

“तुला प्रश्न कुणी विचारला होता?”

तिला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. प्रश्न न्यायाधिकरणाकडून लेखी आला होता. खाण वाढवल्याने झऱ्यावर परिणाम होईल का, एवढाच. तिने उत्तरही लेखी दिलं, इंग्रजीत. ते वकिलांनी वाचलं.

“वाडीतलं कोण होतं तिथे?”

“कुणी नव्हतं.”

“बरोबर. कुणी ‘व्हय’ म्हणायला नव्हतं.”

ती माझ्याकडे बघायला लागली. मीच समजावून सांगितलं. आमच्याकडे गुपचूप जाऊन पाकळ्या लावता येत नाहीत. आधी गाऱ्हाणं घालायचं. काय झालं, काय अडलं, काय विचारायचं, ते सगळ्यांसमोर मोठ्याने देवाला सांगायचं. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ज्या वाक्याला लोक गप्प राहतील तिथे गाऱ्हाणं थांबतं. प्रश्नच जर लोकांना मान्य नसेल तर कौल लागत नाही. मग तिथे गुरव असो की गुरवाचा बाप असो.

“उद्या गाऱ्हाणं तू घाल,” आबा तिला म्हणाले.

“मी?”

मलाही तेच म्हणायचं होतं. बाहेरची बाई गाऱ्हाणं घालणार? गावचे मानकरी मला सोलून काढतील. मी तसं स्पष्टच बोललो.

“मानकऱ्यांना मी बघतो,” आबा म्हणाले. “तू समया घास.”

“मी हे काही मानत नाही, आबा,” बाई म्हणाली. “देवळात उभं राहून मी काय बोलू?”

“मान म्हणून कोण सांगतंय? माहीत आहे तेवढं सांग. माहीत असलेलं संपलं की संपलं म्हण.”

“आणि हसले तर?”

“हसतील.”

“...आणि कौल होकाराचा पडला तर?”

आबांनी चहा सांगितला. या वेळी ती प्यायली.

सकाळी देवळात गेलो तर पटांगण भरलेलं. वाडीतली माणसं दोन बाजूंना उभी होती आणि मधे वाट सोडलेली होती. सख्खे भाऊ दोन बाजूंना होते. खाणीवर ज्याच्या गाड्या लागतात तो मोहन गवस पुढेच उभा होता. मोहन वाईट माणूस नाही. त्याचं घर त्या गाड्यांवर चालतं आणि त्याचीच म्हातारी रोज झऱ्यावर जाते.

मानकरी कुरकुरले. आबांनी त्यांना काय सांगितलं देव जाणे, पण ते बाजूला झाले.

बाई देवासमोर उभी राहिली. हातात कागद होता. तिने वाचायला सुरुवात केली. जलधर, सच्छिद्रता, असलं काहीतरी. कुणाच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. मागून कुणीतरी खोकलं, तेही मुद्दाम.

“कागद ठेव,” आबा म्हणाले.

तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मोकळ्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. शेवटी जोडले.

“पावसाचं पाणी सड्यात मुरतं,” ती म्हणाली.

“व्हय म्हाराजा,” शेवंती काकी म्हणाली. शेवंती काकी म्हणजे मोहनची आई.

“जांभ्या दगडाला भोकं असतात. त्यातून पाणी खाली खाली जातं.”

“व्हय म्हाराजा.” आता चारदोन आवाज आले.

“खाली कुठेतरी ते बाहेर पडतं.”

“व्हय म्हाराजा.” आता सगळे.

“तुमच्या झऱ्याला तेच पाणी येतं का, ते मी शोधलं. मन लावून शोधलं. मला सापडलं नाही.”

आवाज थांबले. मी पाषाणाकडे बघत होतो, लोकांकडे बघायचा धीर होत नव्हता. गाऱ्हाणं इथेच मोडणार असं मी धरून चाललो. कुठल्याही गाऱ्हाण्यात मी कधी ‘मला सापडलं नाही’ ऐकलेलं नव्हतं.

“...व्हय म्हाराजा,” काकी म्हणाली. आणि तिच्या मागून, हळूहळू, बाकीचेही म्हणाले.

बाईने डोळे मिटले.

मोहन पुढे झाला. त्याने हात जोडूनच विचारलं, पण आवाज धारदार होता. “म्हणजे खाण वाढली तर झरा जाईल, असं तुम्ही सांगू शकत नाही.”

“नाही सांगू शकत.”

“आणि राहील असं?” काकीने विचारलं.

“तेही नाही सांगू शकत, काकी.”

“मग तुमचा उपयोग काय?” मागून कुणीतरी बोललं.

बाईला ते लागलं. चेहऱ्यावर दिसलं. पण ती तिथून हलली नाही.

“एवढं सांगू शकते,” ती म्हणाली. “आज खाण थांबवली आणि माझी भीती चुकीची ठरली, तर खाण पुन्हा सुरू करता येईल. तोवर तुमच्यातल्या काहींचे हाल होतील, ते मी नाही म्हणत नाही. पण खाण वाढवली आणि झरा गेला, तर तो परत आणायची विद्या माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. माझं शास्त्र इथे संपतं. पुढचं मला तुमच्यासाठी ठरवता येत नाही. तिकडच्या साहेबांसाठीही येत नाही.”

“व्हय म्हाराजा” कुणीच म्हटलं नाही. ते काही गाऱ्हाणं नव्हतंच.

“मी गाड्या विकू काय मग?” मोहनने विचारलं. बाईला नव्हे, सगळ्यांनाच विचारलं. आवाजातली धार गेली होती. त्याची आई त्याच्याकडे बघत होती.

मग एकेक मान माझ्याकडे वळली. मला ती नजर ओळखीची आहे. लोक घाबरले की अशी बघतात. आता कोणी मोहनच्या डोळ्यांत बघायला नको, कोणी काकीच्या डोळ्यांत बघायला नको, पाकळी काय ते करून टाकील.

“लाव रे कौल,” मानकरी म्हणाले.

मी पाषाणावर पाणी घातलं. तो ओला असेल तरच पाकळ्या धरतात. तबकातून दोन पाकळ्या उचलल्या. माझी बहीण डावीकडच्या गर्दीत होती. मला तिचा चेहरा दिसत होता आणि आबांचा कालचा ‘असतं’ कानात होता. खरं सांगतो, माझं बोट कुठे दाबलं जाणार ते मला ठाऊक होतं. ते थांबवणं मला जमेल असं वाटत नव्हतं.

“थांब,” आबा म्हणाले.

ते उठले. खांबाला धरून, चाचपडत, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आले. कुणी हात द्यायला पुढे झालं तर त्यांनी झिडकारलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि पाषाण पुसायला लागले. वरून खाली, उजवं अंग, डावं अंग. खळग्यांत बोट घालून घालून पुसलं. ठणठणीत कोरडा केला.

माझ्या हातातल्या पाकळ्या हातातच राहिल्या.

“आबा, हे काय चाललंय?” मानकरी भडकले. “देवाला विचारायला आलोत आम्ही.”

आबांनी पंचा पिळला. पाणी उंबऱ्यावर पडलं. मग ते लोकांकडे वळले.

“देवाला तहान लागत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही बोला.”